चेंडू फेकणारा कोण?

कारकीर्द हा फारसीतून आलेला शब्द मराठीने फार दिवस राजेलोकांसाठी राखून ठेवला होता. राजा गादीवर बसला की कारकीर्द सुरू व्हायची आणि गादीवरून उतरला की संपायची. पुढे ती मंत्र्यांना लाभली, मग नटांना, आणि आता तर एकोणीस वर्षांच्या खेळाडूचीही कारकीर्द असते. त्यात वावगे काही नाही. फरक इतकाच, की राजाची कारकीर्द वीस-पंचवीस वर्षे तरी चालावी. कॉलेजातल्या खेळाडूची तीन वर्षांत आटोपते. तीन वर्षांचे राज्य आणि पुढे नोकरीच्या अर्जांचा वनवास, असा हा मामला! यंदाच्या दिवाळीत त्या तीन वर्षांविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले.

विषय सुचला तो वर्गात. तास सुरू व्हायच्या आधी मागच्या बाकावर पाच-सहा डोकी एका मोबाइलवर वाकली होती. मी जवळ गेलो तरी कोणी तो लपवला नाही. उलट, "सर, बघा जी, कसा झेलते तो!" असे म्हणत त्यांनी मलाच त्या घोळक्यात ओढून घेतले. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांचा फुटबॉलचा सामना चालला होता. एक सडपातळ पोरगा मैदानाच्या कडेने जीव घेऊन धावत सुटला होता. धावता धावता तो एकदम वळला, हात वर केले आणि कुठून तरी आलेला लांबोळका चेंडू अलगद त्याच्या ओंजळीत येऊन बसला. आरमोरीच्या मागच्या बाकावर टाळ्या पडल्या.

हा फुटबॉल नावापुरताच फुटबॉल. पायांचे काम बहुतेक धावण्याचे, चेंडू हातांत. तोही सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडे निमुळता. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे; साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्यांकडे जातो. या खेळात कडेला उभा राहून, वाऱ्यासारखे धावून चेंडू झेलणारा जो गडी असतो त्याला म्हणतात वाइड रिसीव्हर. त्याच्याकडे चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. आपण आपले झेलणारा आणि फेकणारा म्हणू.

खरी मौज पुढेच आहे. झेलणाऱ्याने कोणत्या वाटेने धावायचे, किती पावलांवर वळायचे, हे आधी ठरलेले असते. फेकणारा चेंडू सोडतो तेव्हा पुष्कळदा झेलणाऱ्याने मागे वळून पाहिलेलेही नसते. चेंडू सुटतो तो रिकाम्या जागेकडे. झेलणारा दोन क्षणांनी जिथे पोचणार असतो तिथे. तो आत्ता जिथे आहे तिथे फेकला, तर त्याच्या पाठीमागे पडायचा. तेव्हा नुसते पाय वेगवान असून भागत नाही. त्या पायांवर भरवसा ठेवून मोकळ्या जागेत चेंडू सोडणारा कोणीतरी असावा लागतो.

या झेलणाऱ्यांचा शिरोमणी म्हणजे जेरी राइस. जन्म १९६२ चा, मिसिसिपी राज्यातला. क्रॉफर्ड नावाच्या खेडेवजा गावात तो वाढला. वडील गवंडी. उन्हाळ्यात मुले बापाच्या हाताखाली कामाला जात. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा पाड्यावर उभा राहून त्या झेलायचा. पुढे जगाने ज्या हातांचे कौतुक केले त्यांचे पहिले शिक्षण असे झाले. शाळेत एकदा तास बुडवून हिंडताना उपमुख्याध्यापकांनी त्याला हटकले, तेव्हा तो असा काही पळाला की ते पाहतच राहिले. शिक्षा तर त्यांनी केलीच. पण फुटबॉलच्या शिक्षकाच्या कानावर त्याचा वेगही घातला. पोरगा पळून जातो हे सगळ्याच शाळांना दिसते. किती वेगाने पळतो हे पाहणारे गुरुजी विरळा!

मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्याला घेतले ते इट्टा बेना या लहान गावातल्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या कॉलेजाने. तिथे आर्ची कूली नावाचे प्रशिक्षक होते आणि विली टॉटन हा चेंडू फेकणारा होता. १९८४ च्या एकाच हंगामात राइसने २७ वेळा चेंडू झेलून थेट गोलरेषेपार नेला. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला उचलले. त्यानंतर वीस हंगाम तो खेळला, १,५४९ वेळा चेंडू झेलला आणि २२,८९५ यार्डांची मजल मारली. पण मला या आकड्यांपेक्षा एक लहानशी गोष्ट अधिक आवडते. त्या कॉलेजच्या मैदानाचे नाव आहे राइस-टॉटन स्टेडियम. झेलणाऱ्याबरोबर फेकणाऱ्याचेही नाव त्यांनी दारावर लिहून ठेवले.

अर्थात अमेरिकेतही प्रत्येक झेलणाऱ्याचा राइस होत नाही. तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेचाच हिशेब आहे, की निवडीस पात्र ठरणाऱ्या कॉलेज-फुटबॉलपटूंपैकी व्यावसायिक संघात पोचतात ते शेकडा १.६. म्हणजे शंभरांत दोनही नाहीत. बाकीच्या अठ्ठ्याण्णवांचा मोबदला म्हणजे शिष्यवृत्ती, पदवी आणि दुखरे गुडघे. मैदाने लाखभर प्रेक्षकांनी फुलत, पण खेळणाऱ्या मुलाला स्वतःच्या नावावर पैसा कमावण्याची मुभा २०२१ च्या जुलैपर्यंत नव्हती. कॉलेजांनी खेळाडूला थेट पैसे द्यावेत ही गोष्ट तर २०२५ साली न्यायालयाने तडजोड मान्य केली तेव्हा घडली. श्रीमंत देशालाही हा हिशेब सुटायला एवढी वर्षे लागली.

आता मिसिसिपीहून कृष्णाकाठी येऊ. हा फुटबॉल आपल्याकडे कोणी खेळत नाही. पण कॉलेजातून निघून जगाच्या आखाड्यात पोचलेला गडी आपल्याकडेही झाला. नाव सगळ्यांना ठाऊक आहे: खाशाबा दादासाहेब जाधव. ऑलिंपिकचे पदक मिळवणारे पैलवान म्हणून आपण त्यांना ओळखतो. कॉलेजचा विद्यार्थी म्हणून मात्र त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. तसे पाहिले तर ती कथा निराळीच दिसू लागते.

जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. वडील पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगकाठी लहान. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा त्या किरकोळ देहाकडे पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठवले, असे सांगतात. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या मुलाने आपल्याहून थोराड गड्यांना लोळवले. पुढचे सारे या परवानगीतून निघाले. त्या दिवशी प्राचार्य नियमावली उघडून बसले असते तर काय झाले असते, याचा विचार आम्हा कॉलेजवाल्यांनी वर्षातून एकदा तरी करावा.

१९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. जन्म गेला तांबड्या मातीत आणि तिथे कुस्ती गादीवर! पाय ठरेना, नियम निराळे, डाव निराळे. तरीही सर्वांत हलक्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परत आले ते पुढच्या चार वर्षांचा निश्चय करूनच.

१९५२ साली हेलसिंकीच्या वेळी मात्र वाट बिकट झाली. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. निवड झाली, पण जायला पैसे कुठे होते? सरकारदरबारी खेटे घालून झाले. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी दारोदार वर्गणी मागितली. तरी भरती होईना. तेव्हा राजाराम कॉलेजात ज्यांनी त्यांना घडताना पाहिले होते ते प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर बँकेकडे गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

वाचकहो, १९५२ सालचे सात हजार! मास्तरमंडळींच्या आयुष्यात घर एकदाच होते. ते एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकायचे, तेही त्याच्या हाती अजून काही नसताना! पदक मिळाल्यावर सत्कार करणारे पुष्कळ असतात. मिळालेल्या पदकावर पैसे लावायला धाडस लागत नाही. लंडनला सहावा आलेला हा मुलगा चार वर्षांनी कुठे पोचेल हे खर्डेकरांनी ताडले आणि चेंडू त्या रिकाम्या जागी फेकला.

हेलसिंकीत खाशाबांनी ५७ किलोच्या गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हकडून आणि जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. दोन लढतींच्या मध्ये जी विश्रांती मिळायला हवी होती ती त्यांना मिळाली नाही, आणि तिच्यासाठी भांडायला आपला अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घर गहाण टाकणारा एक माणूस कोल्हापुरात होता; आखाड्याच्या कडेला उभा राहणारा हेलसिंकीत नव्हता.

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले, लिअँडर पेसच्या टेनिसमधले. मध्ये ४४ वर्षे गेली. कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण या कथेतला मला सर्वांत प्रिय असलेला भाग मिरवणुकीनंतरचा आहे. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. झेललेला चेंडू त्यांनी हातातून पडू दिला नाही.

पुढचे दिवस सरळ नव्हते. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. बढतीसाठी फार वर्षे वाट पाहिली, आणि १९८३ साली साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला २०१० साली त्यांचे नाव दिले गेले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. हे सारे चांगलेच झाले. पण हे चेंडू त्यांच्या पाठीमागे पडले.

हे सगळे मला आरमोरीत बसून का आठवावे? आमचा भाग वैनगंगेकाठचा, धानाचा आणि कोशाच्या रेशमाचा. १९८२ पर्यंत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो. त्या वर्षी गडचिरोली वेगळा झाला. रेल्वे धरायची तर वडशाला जावे लागते. धान घरात आले की झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात, रात्र रात्र नाटके रंगतात आणि गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. त्या मैदानांवर मी असे पोट्टे पाहिले आहेत, की श्वास धरून मध्यरेषा ओलांडतात आणि तीस सेकंदांत दोन गडी बाद करून परत येतात. २०१४ पासून प्रो कबड्डी दूरचित्रवाणीवर दिसू लागली तेव्हापासून या चढाईला पैसाही असतो, हे त्यांना कळले आहे. तो पैसा आरमोरीपासून किती कोसांवर आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझ्याच वर्गात असा एक चढाईपटू होता. घरची दोन एकर बांधी. दुसऱ्या वर्षाला असताना त्याची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. सरावशिबिर आले नेमके कापणीच्या दिवसांत. बाप म्हणाला, "धान उभा हाय आन् हा कबड्डी खेळाले चालला!" बापाचे काही चूक नव्हते, मजूर लावायचा तर धानापेक्षा मजुरी भारी. तेव्हा वर्गातले चौघे मित्र विळे घेऊन बांधीत उतरले आणि तीन दिवसांत त्यांनी धान कापून दिले. पोरगा शिबिराला गेला, परराज्यात खेळून आला, विद्यापीठाचे नाव छातीवर असलेला सदरा आठवडाभर अंगावरून उतरला नाही. त्या चौघांना प्राचार्य खर्डेकर ठाऊक नव्हते, पण चेंडू कुठे फेकायचा हे ठाऊक होते.

तिसऱ्या वर्षी एका गावच्या सामन्यात त्याची पकड झाली आणि गुडघ्यातून आवाज आला. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. सदऱ्यावर ज्यांचे नाव होते त्यांच्याकडे जखमी खेळाडूसाठी रकाना नव्हता. सामना भरवणाऱ्या मंडळाने चषक आणला होता, विमा उतरवला नव्हता. मित्रांनी वर्गणी केली. ती जाण्यायेण्यात आणि तपासण्यांत संपली. आज तो संध्याकाळी शाळकरी पोरांना चढाई शिकवतो आणि दिवसा बापाबरोबर बांधीत असतो. त्याचे सोबती पहाटे गडचिरोलीच्या सडकेवर धावताना दिसतात. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावावे लागते. त्याचा गुडघा चारशेवर थांबतो. पदवीचे दोन विषय राहिले आहेत. त्याला मी परीक्षेचा अर्ज नेऊन दिला. म्हणाला, "आता कायले जी, सर?" मी म्हणालो, "तुझ्या गुडघ्याला नको असेल, तुला हवा आहे." अर्ज त्याने ठेवून घेतला आहे. भरला की नाही, ते अजून कळायचे आहे.

मला राहून राहून वाटते, की आपण खेळाडूवर जे काही उधळतो ते तो पोचल्यानंतर. हार, फटाके, चौकातले फलक, पालकमंत्र्यांबरोबरचा फोटो. त्याला हवे असते ते आधीचे आणि नंतरचे, आणि ते फार महाग नसते. शिबिरामुळे बुडालेले तास पुन्हा घेणारा एखादा प्राध्यापक. विम्याचा हप्ता भरल्याशिवाय मैदानावर उतरू न देणारे एखादे मंडळ. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी शेकडा पाच जागा राखीव आहेत. पण त्यासाठी कोणत्या दर्जाच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी कुठे करायची, हे खेळाडूला तो खेळत असतानाच समजावून सांगणारा एखादा कारकून. आणि गुडघ्यातून आवाज येईल त्या दिवसासाठी प्रत्येक कॉलेजात एक लहानशी पेटी. आमच्या कॉलेजातल्या काही शिक्षकांनी या वर्षीपासून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. घर गहाण टाकण्याची आमची ऐपत नाही. पण आठ-दहा जणांनी मिळून एक खिडकी तरी गहाण टाकावी!

हा अंक ज्या घरांत वाचला जातो त्यांपैकी पुष्कळ घरांत धावणारे एखादे पोर असेल. त्याच्यासाठी दोन प्रश्न आपण नेहमी विचारतो: "अभ्यास कधी करणार?" आणि "यातून पुढे काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फक्त दुसऱ्याचे उत्तर त्या पोराकडे मागू नये. त्याचे काम धावण्याचे. पुढे काय, हे पाहून चेंडू सोडण्याचे काम आपले, आईबापांचे, मास्तरांचे आणि गावाचे आहे. आणि चेंडू सोडल्यावर तो पडलाच तर? कधी कधी पडेलही. खर्डेकरांनाही त्या रात्री झोप लागली असेलच असे नाही. पण कोल्हापुरातले ते घर सुटले, आणि ते सोडवायला तोच विद्यार्थी आला, एवढे आपल्याला ठाऊक आहे.